मिटल्या मुठीची कहाणी

बायांनो, हात पुसा, मुठीत चार दाणे घ्या आणि मूठ मिटा. कहाणी सरेपर्यंत उघडू नका. मधेच उठू नका. मी थांबले की "हूं" म्हणा, म्हणजे मला धीर येईल.

ऐक बांधमाउली, तुझी कहाणी.

नदीच्या वळणावर आटपाट नगर होतं. नदीवर लाकडी साकव होता, साकवापलीकडं माळ्यांची वाडी होती. पहाटे धुकं उतरलं की वाडी दिसेनाशी व्हायची, नुसता ओल्या वेलांचा वास नगरात यायचा. लोक कुशीवर वळत म्हणायचे, वाडी जागी झाली.

नगरात एक चाल होती. श्रावणात बांधावरचं गवत पोटरीला लागलं, की नगरातल्या बाया साकव ओलांडून जायच्या. बांधावर बसायच्या. माळीण एकेकीच्या मुठीत दाणे द्यायची आणि शेताची कहाणी सांगायची. कुणी पेरलं, पाणी कुठून आलं, कीड कधी पडली, कुणी राखलं. बाया हुंकार द्यायच्या. कहाणी सरली की सगळ्या मुठी एका पातेल्यात उघडायच्या. तिथंच शिजवायचं, तिथंच जेवायचं. याला मुठीचा वसा म्हणत.

मग नगरात नवी राणी आली. वसा घ्यायला वाडीवर गेली. चिखलात पाय रुतला, पाय ओढला, पायातलं जोडवं चिखलात राहिलं. बाया हसल्या. राणी आधी लाजली, मग रागावली. म्हणाली, "जी माती राणीचं जोडवं गिळते, तिचं आम्ही काय खायचं?" राणी उतली, मातली, वसा टाकून माघारी आली. राणी जाईना, म्हणून सरदारणी जाईनात. सरदारणी जाईनात, म्हणून पेठेतल्या जाईनात. साकवावर शेवाळ चढलं.

वाट मोडली, तशी ओळख मोडली. घाटावर एकजण म्हणाली, "वाडीची भाजी पोटाला बाधते म्हणे." दुसरी म्हणाली, "कोण म्हणतं?" "माझ्या नणंदेच्या जावेनं ऐकलंय." नणंदेच्या जावेला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, मला तर घाटावरच कळलं." बोलणं फिरून आलं, आलं ते खरं होऊन आलं.

मग दूरच्या मुलखातून होड्या येऊ लागल्या. होड्यांत तांदूळ. पांढरा, गुळगुळीत, एकासारखा एक. कुठं पिकला, कुणी पिकवला, होडीवाल्यालाही ठाऊक नाही. खाल्ला तर पोट भरे, पण तो तांदूळ मुका होता. मुकं अन्न खाऊन नगर मुकं झालं. पंगतीत कुणी बोलेना. आया पोरांना गोष्ट सांगायला बसत, "एक होता..." म्हणत, पुढचं आठवेना. पोरंही "मग?" म्हणून विचारीनात. भर दुपारी नगर झोपेत चालल्यासारखं चाले.

राजानं पाहिलं, वाडीचं कुणी खात नाही. दवंडी पिटली. "ज्या रानाचा घास नगरात कुणाच्या ताटात नाही, ते रान कशाला राखायचं? पोळा आला की वाडी मोडा, तिथं घोड्यांची पागा बांधा."

वाडीत माळ्याची धाकटी सून होती. तिचं नाव आवडी. फार भित्री. वेलावरून दोडका गळला तरी दचकायची. दवंडी ऐकून सासू कपाळाला हात लावून बसली.

आवडी म्हणाली, "आत्याबाई, मी जाऊ का नगरात?"

"तू? परवा बेडूक बघून घागर टाकलीस, ती तू?"

"मग दुसरं कोण आहे?"

सासूनं दोघी थोरल्या सुनांकडं पाहिलं. थोरलीच्या पायात काटा, मधलीचे दिवस भरत आलेले. मग म्हणाली, "जा बाई. टोपलीच घेऊन जा, निदान फुटायची तरी नाही."

आवडीनं टोपली भरली. पहिल्या दारी गेली. म्हणाली, "आमची वांगी सोन्याची, आमची काकडी अमृताची." घरधनीण म्हणाली, "आपलं ताक आंबट कोण म्हणतं गं?" आणि आत गेली. दुसऱ्या दारी गेली. म्हणाली, "वाडीचं टाकाल तर बांधमाउली कोपेल." सासूसुना ओरडल्या, "सकाळच्या पारी शाप द्यायला आली मेली!" आणि कडी लावली. तिसऱ्या दारी गेली. तोंड उघडणार, तोच माळ्यावरून मांजरानं उडी टाकली. आवडी किंचाळली, टोपली उपडी झाली, काकड्या गटारात गेल्या, कहाणी घशात राहिली.

आवडी माघारी आली. बांधावर बसून रडू लागली. मग धुकं उतरलं. आधी नदी गेली, मग साकव गेला, मग स्वतःचे हातही दिसेनात. धुक्यातून एक बाई आली. केस हिरव्या गवताचे, पाय गुडघ्यापर्यंत ओले, अंगाभोवती चतुर भिरभिरताहेत. ती चाले, तशी तिच्यामागं मोडलेली वाट पुन्हा दिसू लागे. एरवी आवडी पळाली असती. पण तिला भीतीच वाटली नाही. स्वप्नात वाटत नाही तशी.

"बाई बाई, का रडतेस?"

"माझी कहाणी कुणी ऐकत नाही."

"कशी ऐकतील? पहिल्या दारी फुशारकी मारलीस. दुसऱ्या दारी भीती घातलीस. तिसऱ्या दारी आपणच भ्यालीस."

आवडी रडता रडता हसली. म्हणाली, "मग काय सांगू?"

"ठाऊक आहे तेवढं सांग. कडू ते कडू सांग. ठाऊक नाही तिथं थांब, हुंकाराची वाट बघ. कहाणी अर्धी सांगणारीची, अर्धी ऐकणारीची. पण वाडी वाचली की तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

बाईनं तिच्या मुठीत चवळीचे दाणे दिले. धुकं विरलं. बाई नव्हती, ओला बांध होता.

दुसऱ्या दिवशी आवडी नगरात गेली. गल्लीच्या टोकाला बयजा कासारीण बसली होती. म्हातारी, दातांची मोकळी. होडीचा भात तिच्या गळ्याखाली उतरत नव्हता, म्हणून उपाशी होती. आवडीनं तिच्या मुठीत चवळी दिली, मूठ मिटली.

"आमचं एक शेत आहे, चिंचेखालचं."

"हूं."

"आजेसासऱ्यांनी तिथं चवळी लावली. औंदा मावा पडला. आम्ही राख मारली, तरी दोन ओळी गेल्या."

"हूं. राखेनं सगळा जात नाही."

"चिंच वाकडी आहे. का वाकडी, ते मला ठाऊक नाही." आवडी थांबली.

बयजा हुंकार द्यायची विसरली. मिटल्या मुठीकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली, "वीज पडली होती. मला पहिल्या बांगड्या आईनं त्याच चिंचेखाली भरल्या. मी रडत होते, माळणीनं हातात चवळीची शेंग दिली. हिरवीगार. अगं, ती चव माझ्या तोंडात होती, मलाच सापडत नव्हती."

मग दोघींनी चवळी शिजवली, दोघी एका ताटात जेवल्या. बयजाचं पोट दुखलं नाही. बयजाची जीभ सुटली. आणि कासारणीची जीभ ती! बांगड्या भरताना हात धरलेला, बाई पळते कुठं? ऐकावंच लागे. "हात सैल सोड गं. तर काय सांगत होते, ती चिंच..." या मनगटावरून त्या मनगटावर कहाणी गेली. एकीला आठवलं, माझी आई तिथं झोका खेळली. दुसरी भांडायलाच आली, "तुमची घोसाळी कडू निघायची हो!" आवडी दचकली, पण म्हणाली, "हूं. एक वेल कडू होता, उपटला. मुळं अजून बांधावर पडलीत, बघायला चला." ती बघायला गेली. येताना ओच्यात घोसाळी घेऊन आली. मग साकवावरचं शेवाळ पायांनीच निघालं.

मग पोळा आला. बैल सजले, शिंगं रंगली. पण आवडीचा जीव थाऱ्यावर नव्हता. राजाची माणसं पहारी घेऊन आली. पाहतात तो बांधावर बायाच बाया, मुठी मिटलेल्या, कहाणी चाललेली.

जमादार म्हणाला, "उठा."

बयजा म्हणाली, "कहाणीतून उठू नये बाबा. आम्ही वाडीचं खातो, राजाला सांग जा."

"राणीसाहेबांच्या ताटात अजून होडीचाच भात आहे. त्यांनी वाडीचं खाल्लं तर पागा टळेल. नाहीतर पहार चालेल."

"बरं, तोवर ही मूठ धर."

जमादारानं मूठ धरली. आवडीनं पुढं सांगितलं. जमादार "हूं" म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून ओशाळला.

एवढ्यात राणीची पालखी आली. आतून राणी म्हणाली, "कुणामुळं खोळंबलंय?" बायांनी आवडीकडं पाहिलं. आवडीला पळून जावंसं वाटलं. पण घेतला वसा टाकायचा नव्हता. तिनं राणीच्या मुठीत दाणे दिले. म्हणाली, "हा साकवाजवळचा वाफा. अळूचा. इथं बाया वळसा घालून जातात, पाय टाकत नाहीत. का, ते मला ठाऊक नाही."

आवडी थांबली. चतुर पाण्यावर थांबले, नदीचा आवाज थांबला. राणी वाफ्याकडं बघत राहिली. किती वर्षांत तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मग राणी म्हणाली, "इथं माझं जोडवं रुतलं."

सगळ्या बाया एकदम म्हणाल्या, "हूं."

"नवं होतं. आईनं घातलं होतं. सगळ्या हसल्या."

"हूं."

राणी पालखीतून उतरली. वाफ्यात पाय टाकला, पोटरीपर्यंत गेला. कुणी हसलं नाही. बयजा तेवढी म्हणाली, "सासरी आल्यावर मातीनं पाय धरले, याला आमच्यात पाहुणचार म्हणतात." तेव्हा पहिल्यांदा राणीच हसली. चिखलात हात घालून शोधलं, सगळ्यांनी शोधलं. जोडवं सापडलं नाही. मग पातेलं चढलं, सगळ्यांच्या मुठी उघडल्या, राणीची उघडली. राणी बांधावर बसून जेवली, आणखी मागून जेवली. पहारी माघारी गेल्या, पागा डोंगराकडं गेली. त्या रात्री नगरात पोरं विचारीत होती, "मग? मग?"

जोडवं अजून मातीतच आहे. दर श्रावणात राणी शोधायला येते, जेवून जाते. बांधमाउलीला ठाऊक आहे कुठं आहे ते. ती देत नाही.

जशी बांधमाउली आवडीला पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. तुमच्या घासाला गाव असो, गावाची वाट पायाखालची असो, सांगणारीला हुंकार मिळो. ही साठा वाफ्यांची कहाणी पाचा मुठींत सुफळ संपूर्ण.

बायांनो, पाणी उकळलंय. आता मुठी उघडा.