बुऱ्हाणमियाँचा हौद

डोंगरात अजून वाघ फिरत होते, त्या काळातली ही गोष्ट.

दगडसांगवीच्या मशिदीत बुऱ्हाणमियाँ नावाचे इमाम होते. नमाज तेच पढवायचे आणि गावातल्या मुसलमानांना दीन, म्हणजे धर्म, तेच शिकवायचे. अल्ला एक, त्याला जोड नाही, पैगंबर त्याचे रसूल, त्याचे दूत. रोज पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, कमाईतून गरिबाला जकात, आणि ऐपत असेल तर जन्मात एकदा हज. एवढं साधं सांगायचे. पण नमाजेआधीच्या वजूला मात्र भारी कडक. हात धुवा, चूळ भरा, नाक धुवा, चेहरा धुवा, कोपरापर्यंत बाहू धुवा, ओला हात डोक्यावरून फिरवा, मग पाय. एखाद्याची टाच कोरडी राहिली की त्याला रांगेतून उठवून हौदावर परत धाडायचे. कोरडी टाच त्यांना पाठमोरे असतानाही कळायची, असं म्हणतात.

एका साली पाऊस आलाच नाही. नदीची वाळू झाली, विहिरी आटल्या. पाटलाच्या विहिरीत तळाशी पाणी होतं, पण गावकुसाबाहेरच्या बायांना तिथं उभंसुद्धा राहू देत नसत. मशिदीचा हौद तेवढा डोंगरातल्या झऱ्यावर भरत होता. मशिदीचा कारभार हशमतखान इनामदाराकडे होता. त्यानं हुकूम काढला, हौदाचं पाणी फक्त वजूला. बुऱ्हाणमियाँनी मान डोलावली. त्यांना ते बरोबर वाटलं होतं. हे लपवायचं कशाला?

वजूचं सांडपाणी मोरीतून भिंतीमागे जायचं. तिथं एरंडाचं एक झाड होतं. त्या उन्हाळ्यात ते वाळून गेलं. मोरी तुंबली की काय, म्हणून एके दिवशी दिवस कलताना, असरच्या नमाजेआधी, बुऱ्हाणमियाँ भिंतीला वळसा घालून मागे गेले.

मोरी तुंबली नव्हती. मोरीच्या तोंडाशी बाया बसल्या होत्या. घागरींवर लुगड्याचे पदर ताणून माणसांच्या पायांचं पाणी गाळून घेत होत्या. एकीचं लेकरू गाळायचीही वाट न बघता ओंजळीनं पीत होतं.

बुऱ्हाणमियाँ जागीच थबकले. हात भिंतीला टेकवून ते तसेच उभे राहिले.

धुरपदा नावाची बाई त्यात पुढे होती. तिनं मान वर केली. "मोरी बंद करायला आलाव जनू?"

ते ओंजळीनं पिणाऱ्या लेकराकडेच बघत होते.

"नका करू, मौलवीसाब. उलट अजून एखादी नमाज वाढवा की. लेकरांना सांजच्या भाकरीवर बी घोटभर मिळंल." मग हात झटकत म्हणाली, "अन् चुळा तेवढ्या दुसरीकडं टाकायला सांगा."

बाकीच्या बाया हसल्या. ते हसू बुऱ्हाणमियाँना मरेपर्यंत ऐकू येत होतं, असं म्हणतात.

ते फिरून आले आणि त्यांनी मशिदीचा दरवाजा सताड उघडला. बाया आत आल्या, त्यांच्यामागे सगळी वस्ती आली, गुरं आली. हौदावर घागरी बुडू लागल्या. वजू करणारे ओल्या हातांनी बघत राहिले. हशमतखान पुढे झाला.

"मियाँ, वजू कशानं करायचा? टाच कोरडी चालत नाही म्हणणारे तुम्हीच ना?"

"मीच."

बुऱ्हाणमियाँ अंगणातल्या मातीवर बसले. दोन्ही तळवे मातीवर मारले, झटकले, चेहऱ्यावरून फिरवले, मग हातांवरून. याला तयम्मुम म्हणतात. पाणी नसलं की मातीनं शुद्ध व्हायची मुभा दीनानंच दिली आहे.

"पण पाणी तर समोर आहे," हशमतखान म्हणाला.

"ते तहानलेल्यांचं आहे. माझ्यासाठी ते नाहीच."

"उद्यापासून तुम्ही इमाम नाही."

"उद्याचं उद्या बघू, खानसाहेब. आत्ता रांग सरळ करा."

"दिवस बुडत आला. एवढ्या गर्दीत नमाज पढणार कधी? वेळ टळली तर गुन्हा कुणाच्या माथी?"

"माझ्या," बुऱ्हाणमियाँ म्हणाले. "आधी त्यांच्या घागरी भरू द्या."

आणि ते थांबले. पश्चिमेकडे, काब्याच्या दिशेला तोंड करून मातीच्या हातांनी उभे राहिले. एकेक जण मातीवर तळवे मारून त्यांच्यामागे येऊ लागला. घागरी भरत राहिल्या, गुरं पीत राहिली, आणि टेकडीवर आलेला सूर्य तिथंच अडला. शेवटची घागर भरून बाहेर पडेपर्यंत तो बुडाला नाही, असं म्हणतात. मग बुऱ्हाणमियाँनी नमाज सुरू केली. तेव्हा हशमतखान सगळ्यांच्या मागे, पाणी वाहणाऱ्या एका पखाल्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. त्याच्याही कपाळाला माती होती.

पुढचा पाऊस पडेपर्यंत बुऱ्हाणमियाँनी वजूसाठी पाण्याला हात लावला नाही. त्यांना काढून टाकायचं धाडस कुणी केलं नाही.

आजही दगडसांगवीत उन्हाळा लागला की असरची बांग देण्याआधी बांगी मशिदीच्या दारात येतो आणि बुऱ्हाणमियाँचं नाव घेऊन विचारतो, "कुणी तहानलेलं आहे का?" उत्तर येईपर्यंत बांग होत नाही. आता घरोघरी नळ आहेत. बहुतेक वेळा एखादी म्हातारी घरातूनच ओरडते, "नाही रे बाबा, दे तुझी बांग." पण कुणी 'आहे' म्हणालं तर आधी घागर जाते, आणि तोवर अख्खी मशीद खोळंबून उभी राहते.