सिस्टर बेनेडिक्टांचा नियम

वसईकडे कब्रस्तानाला खेटून सिस्टरांची एक प्राथमिक शाळा होती. तिथल्या जुन्या मुख्याध्यापिका सिस्टर बेनेडिक्टा वारल्या, पण त्यांचा नियम काही वारला नाही. कुणी कुणाचा निरोप आणला, की ज्यानं तो दिला त्याच्यासमोर तो पुन्हा बोलून दाखवायचा.

मृतांच्या दिवशी मुलं सिस्टरांच्या कबरीवर मेणबत्त्या लावत होती. तेवढ्यात ट्रस्टी इनास तुस्कानो आला. शाळेच्या मैदानावर त्याला रिसॉर्ट बांधायचं होतं.

"काल सिस्टर माझ्या स्वप्नात आल्या," तो मोठ्या बाईंना म्हणाला. "म्हणाल्या, 'इनास, मैदान तू घे.' आता मेलेल्या माणसाचा शब्द मोडणार का तुम्ही? करा या कागदावर सही."

बाईंचा चेहरा उतरला. चौथीतली जसिंता पुढे झाली.

"अंकल, निरोप सिस्टरांचा आहे ना? मग त्यांच्यासमोर बोला. त्या इथेच आहेत. क्रुसावर हात ठेवा."

इनासनं हसतहसत कबरीच्या क्रुसावर हात ठेवला. एकदम वारा पडला. मेणबत्त्यांच्या ज्योती ताठ उभ्या राहिल्या, आणि शाळेची घंटा वाजू लागली. दोरीजवळ कुणीच नव्हतं.

"बोला ना," जसिंता म्हणाली. "सिस्टर ऐकतायत."

इनासनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. चटका बसल्यासारखा हात मागे घेऊन तो जो पळाला, तो फाटकाबाहेरच.

घंटा वाजतच होती. जसिंता कबरीपाशी वाकली.

"सिस्टर, ते गेले," ती हळूच म्हणाली. "आता पुरे."

घंटा थांबली.