बर्फाचं पातेलं

एकदा काय झालं, एका डोंगराच्या पायथ्याशी एक घर होतं. एकच घर. शेजार नाही, त्यामुळे भांडणही नाही. घरात तान्हाई नावाची सासू, लिंबाजी तिचा मुलगा आणि सगुणा त्याची बायको. शिवाय काजळी. काजळी म्हैस होती, पण घरात जास्त तिचंच चालायचं. ती गाभण होती. आज विते की उद्या, अशी.

त्या राज्याला राजाही होता. ज्या दिवशी वादळ आलं, त्या दिवशी त्याच्याकडे मोठी पंगत होती. असो. राजे जेवतच असतात. आपण आपल्या घराकडे येऊ.

मग संध्याकाळी वारा सुटला. रात्रभर घरावरून काहीतरी घोंघावत गेलं. सकाळी पाहतात तर दार उघडेना. लिंबाजीने ढकललं, सगुणाने ढकललं, दोघांनी मिळून ढकललं, तेव्हा फटीतून पांढरं काहीतरी आत पडलं.

"मीठ गं बाई!" तान्हाई म्हणाली आणि तिने ते चाखलं. मीठ नव्हतं. बर्फ होता. त्या मुलखात तो कधी कुणी पाहिलेला नव्हता, बरं का.

आता बर्फ उपसायचं अवजार घरात कुठलं असणार? लिंबाजीने फावडं घेतलं, सगुणाने सूप आणि तान्हाईने उलथनं. तान्हाईच्या उलथन्याने फारसा बर्फ निघाला नाही, पण दुसऱ्यांच्या चुका पुष्कळ निघाल्या. असं करत करत ते गोठ्यापाशी पोहोचले.

गोठ्याचं छप्पर बर्फाने वाकलं होतं. त्याचं मधलं लाकूड, ते आढं, बोलत होतं. कर्र. थांबायचं. पुन्हा कर्र. लिंबाजीने छप्पर झाडलं, खाली टेकू दिला, टेकूला स्वतःचा खांदा दिला. पण आढ्याला तडा गेलाच होता. काजळीला घरात आणावं, तर दार लहान आणि काजळी मोठी. बाहेर बांधावं, तर ती थंडीने मेली असती.

"आणखी एकदा असं पडलं," लिंबाजी म्हणाला, "तर गोठाही गेला आणि काजळीही."

पाय हलवू नकोस रे, पांघरूण सरकतंय. हं, ऐका पुढे.

मग अंगण झाडताना सगुणाच्या सुपाला काहीतरी लागलं. ठण्! पितळेचं मोठं पातेलं. झाकण लावलेलं, आत काठोकाठ बर्फ. डोंगराच्या माथ्यावर हिमाई नावाची म्हातारी राहते, एवढं तान्हाईने ऐकलं होतं.

"हिमाईनेच पाठवलं असणार," ती म्हणाली. "बर्फ ओत आणि तिळाचे लाडू भर. भांडं रिकामं परत करायचं नसतं."

लाडू भरले. पातेलं अंगणाच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर ठेवलं. संध्याकाळी वारा आला आणि ते उचलून डोंगरावर घेऊन गेला. सकाळी काय? पुन्हा दार उघडेना! अंगणात पुन्हा तेच पातेलं, काठोकाठ. गोठ्यात कर्र, कर्र.

"हे आपल्या लाडवांमुळे झालं," सगुणा म्हणाली. "आत्याबाई, आज पातेलं रिकामं पाठवू."

"लोक काय म्हणतील?"

"इथे लोक आहेत कुठे?"

"नसले म्हणून काय झालं? म्हणायचे ते म्हणतातच."

मग नुसता गुळाचा खडा घातला. थोडं दिलं की थोडं येईल. कसलं थोडं! दुसऱ्या सकाळी बर्फ खिडकीपर्यंत. लिंबाजी गोठ्यात दोन्ही खांदे लावून उभा. नाकाला खाज आली तरी सगुणाला हाक मारायचा.

राजाला कळवलं होतं, बरं का. राजाने विचारलं, "बर्फ म्हणजे काय?" मग त्यावर विचार करायला त्याने तीन शहाणे बसवले. ते अजून बसलेलेच होते.

तिसऱ्या दिवशी तान्हाई चिमूटभर साखर घेऊन आली. सगुणाने ती पातेल्यात घालून घेतली, पातेलं डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, "आज वाऱ्याच्या हाती नाही. मीच नेऊन देते."

"अगं, सांगायचं काय तिला?"

"चढता चढता सुचेल."

मग ती चढली. घसरली, उठली, पुन्हा चढली. संध्याकाळचा वारा सुटायच्या आत पोहोचायचं होतं, म्हणून मागे बघायची सोय नव्हती. कानात मात्र कर्र, कर्र चाललेलंच.

माथ्यावर एक पांढरी म्हातारी जात्यावर बर्फ दळत बसली होती. तळहाताला फोड आलेले. सगुणाला बघून तिने कपाळावर हात मारला.

"आलीस? पुन्हा घेऊन आलीस? माणसं आहात की कोण? मला दम खाऊ द्याल की नाही?"

"आम्ही नाही दम खाऊ देत? आई, आमची म्हैस मरेल!"

"मग पाठवता कशाला?"

"भांडं तुमचं. रिकामं कसं पाठवणार?"

"माझं?" हिमाईने जातं थांबवलं. "मी एकटी, बिनदातांची. मला एवढं पातेलं हवंय कशाला? ते तुमचं! वादळात उडून माझ्या दारात पडलं. खाली घर एकच. म्हटलं, रिकामं कसं पाठवू? घरात होतं ते भरलं. वर चार पाट्या जास्त, वाऱ्यासोबत उधळल्या. तुमचे लाडू आले. मग मला दळणं भाग! त्यात गूळ आला. म्हटलं, घरातले तीळ संपले तरी पाठवतात बिचारी. दुप्पट दळलं."

 मग सगुणाने साखर हिमाईच्या हातावर ठेवली आणि पातेलं उपडं केलं. इतके दिवस नुसतं ओतायचं आणि भरायचं, बूड बघणार कोण? बुडावर कोरलं होतं: राजवाडा, मुदपाकखाना. म्हणजे राजाच्या स्वयंपाकघराचं! त्या दिवशी पंगतीतून उडालेलं.

"मग राजाला पाठवते," हिमाई म्हणाली. "पण रिकामं?"

"छे छे," सगुणा म्हणाली. "त्यांना बर्फ बघायचाच आहे."

जात्याजवळ उरलेला सगळा बर्फ पातेल्यात गेला. वारा आला आणि ते राजधानीकडे घेऊन निघाला.

"आणि राजाने काही भरून परत पाठवलं तर?" हिमाईने घाबरून विचारलं.

सगुणा हसली. "आई, राजाकडे गेलेलं काही परत आलेलं मी तरी पाहिलं नाही."

आणि खरंच आलं नाही! तीन शहाण्यांनी पातेल्याभोवती बसून विचार केला. त्यांचं मत ठरेपर्यंत आत पाणी झालं होतं. मग पाण्यावर विचार करायला आणखी तीन बसवले.

सगुणा खाली पोहोचली तेव्हा वारा पडला होता. आभाळ मोकळं. गोठ्यात लिंबाजी तसाच उभा, आणि त्याच्या पायाशी ओलं, काळं, धडपडत उठणारं एक रेडकू. आढं गप्प होतं. पुढे बर्फ वितळला, नवं आढं बसलं, दूधदुभतं झालं आणि सगळी सुखाने राहिली. तान्हाईने पहिला खरवस हिमाईला पाठवायचा म्हटलं. सगुणाने तो केळीच्या पानावर पाठवला. पान परत करावं लागत नाही ना!

झाली गोष्ट. आता कुणी हलायचं नाही. डोळे मिटा.