गोगलगायीचा शेवटचा घोस

“पण अक्का, पाण्यातला जीव पाण्यात का मरावा?”

असं विचारत दिगंबर बेलसरे मास्तरांनी मठाच्या ओसरीवर प्लास्टिकचा डबा ठेवला. अक्का पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ऐंशी उलटलेल्या या बाईंचा मान सगळा नदीकाठ ठेवी. साठीच्या मास्तरांनाही त्या खुशाल अरे-तुरे करत.

डब्यात, ओल्या कापसावर, गोगलगायीच्या अंड्यांचा घोस होता.

मास्तरांच्या बायकोने, कालिंदीने, काचेच्या पेटीत माशांबरोबर एक पिवळी गोगलगाय पाळली होती. तिची पिल्लं बघायची कालिंदीला फार हौस. ती हौस तशीच ठेवून कालिंदी अश्विनात गेली. परवा गोगलगायही गेली. हा तिचा शेवटचा घोस.

“ती अंडी कुठे घालते?” अक्कांनी विचारलं.

“पाण्याच्या वर. काचेला चिकटवून.”

“मग? आईला कळत नव्हतं होय रे?”

मास्तर ओशाळले. देव पाण्यात घालावेत तसा पहिला घोस त्यांनी पाण्यात घातला होता. अंडी गुदमरली. दुसरा तासातासाला बोटाने दाबून पाहिला. तोही गेला.

“तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय मी, अक्का.”

“हो का? हात मात्र शाळेत गेले नाहीत वाटतं.”

…

“आता हाही सडला,” मास्तर म्हणाले. “कसा गुलाबी होता… आता राखेसारखा झालाय. आज कालिंदीचं मासिक श्राद्ध. म्हटलं, पिंडाबरोबर हाही नदीत सोडावा.”

अक्कांनी डबा उचलला. झाकण लावून मांडीवर घेतला, वरून पदर घातला. मग शेंगांचं सूप मास्तरांपुढे सरकवलं.

“मी काय करू?”

“सोल.”

“एकदा उघडून बघितलं तर…”

“सोल.”

मास्तरांना राग आला. खरं तर रडू येत होतं, पण रागच बरा वाटला. ते सोलू लागले. एक शेंग, दुसरी शेंग… ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं. सूप अर्धं झालं, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की बऱ्याच वेळात आपण काहीच विचारलेलं नाही.

अक्कांनी पदर बाजूला केला. झाकण काढलं.

राखाडी घोस भुसभुशीत होऊन फुटला होता. मोहरीएवढा एक जीव, दोन शिंगं पुढे काढून, कापसावर चालला होता. मागून दुसरा. तिसरा टरफलातच अडकून धडपडत होता.

मास्तरांचं बोट पुढे गेलं… आणि थांबलं. त्यांनी ते आपणहून मागे घेतलं.

जरा वेळाने तिसराही सुटला.

मग मात्र मास्तरांचा बांध फुटला. “कालिंदीला बघायचं होतं हो, अक्का! तिचं राहूनच गेलं…”

लहान मुलाचे पुसावेत तसे अक्कांनी पदराने त्यांचे डोळे पुसले.

“मग तू नीट बघ.”