गिळलेल्या सतरा ओळी

“लोकं रडले काहून नाही, तेवढं सांगा ना जी.”

तालमीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, स्टेजच्या पुढ्यातल्या खड्ड्यात बसून फागोजीबाबा वहीचे दुमडलेले कोपरे सरळ करत होते.

रेवता नाकाडे वर उभी. कमरेवर हात.

“बहीण भावाच्या दारात तडफडून मेली, बाबा. अन् समोरच्या बाया शेंगांची टरफलं झटकून उठल्या! दगड आहेत का लोकं?”

“दगड नाहीत.”

“मग माझ्या नाटकात कमी काय?”

“कमी काही नाही... जास्त आहे.”

रेवताच्या नाकाचा शेंडा लाल झाला. कंपनीची नायिका ती. सातवी शिकलेली, आणि तीन अंकांचं अख्खं नाटक स्वतःच्या हातानं लिहिलेलं. कंपनीत आजवर कोण्या बाईनं लेखणी धरली नव्हती. गर्व होता तिला, आणि का नसावा? पुरुषांनी दोन पानं खरडली की ते मिशीला पीळ देत फिरतात.

फागोजी कुथे कंपनीचे प्रॉम्प्टर. इकडच्या नाटकात नट पाठ करत बसत नाही. आज हे गाव, उद्या ते गाव, पाठ करायला वेळ कुणाला? खड्ड्यातला माणूस वहीतलं वाक्य सांगतो, वरचा ते उचलतो आणि गर्जतो. बेचाळीस हंगाम फागोजीबाबांनी राजाचं वाक्य सांगितलं, भिकाऱ्याचं सांगितलं. मारणाऱ्याचं आणि मरणाऱ्याचंही सांगितलं, त्याच एका सपाट आवाजात. प्रेक्षकांनी त्यांचं तोंड कधी पाहिलं नाही. पण भले भले नट हंगामाच्या पहिल्या दिवशी त्या खड्ड्याच्या पाया पडत आणि मगच रंग लावत.

भाऊबीज दोन दिवसांवर आली होती. भाऊबीजेला चिंचोलटोल्याची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आणि मंडईला नाटक. चिंचोलटोला रेवताचं माहेर. तिथं तिचा सख्खा भाऊ राहत होता, श्रावण. बहीण तोंडाला रंग लावून नाचते म्हणून सात वर्षांपूर्वी त्यानं तिच्या तोंडावर दार लावलं होतं. तेही भाऊबीजेच्याच सकाळी.

नाटक त्यावरच होतं. श्रावणनं मंडपात बसावं आणि सगळ्या गावासमोर आपली करणी ऐकावी, एवढ्यासाठी तिनं ते लिहिलं होतं.

पण पहिला प्रयोग पडला. कंपनीचे मालक केवळरामजी म्हणाले, “दुपारच्या तालमीला मी बसतो. जमलं तर जमलं. नाही तर चिंचोलटोल्याला मागच्या सालचंच नाटक लावू.”

तीच तालीम आता सुरू व्हायची होती.

“तुझा तो भाऊ...” फागोजीबाबा म्हणाले.

“नाटकातला भाऊ!”

“नाटकातलाच गं. तो दार लावील का?”

“लावील का म्हंजे? लावतोच.”

“कधीपासून?”

“पडदा उघडला तेव्हापासून हरामी आहे तो. पहिल्या अंकात बैलाला मारतो, दुसऱ्यात बायकोला.”

“अन् बहीण?”

“बहीण देवी आहे.”

“चुकत नाही कुठं?”

“एक शब्द चुकत नाही.”

फागोजीबाबांनी वहीवरून बोट फिरवलं.

“मग लोकं वाट कशाची पाहतील वो?”

“हे पाहा बाबा,” रेवता वाकून म्हणाली, “तुम्ही वाचनारे, मी लिहिनारी. तुमचं काम तोंड हलवायचं. एकेका शब्दासाठी रक्त आटवलं आहे मी.”

फागोजीबाबांनी तिसऱ्या अंकाचं पान काढलं.

“ऐकलं ना?”

“ऐकलं.”

केवळरामजी येऊन खुर्चीत बसले. पेटीवाला पेटीमागं बसला. कडेला भिकाबाई, कंपनीची स्वयंपाकीण, विळीवर वांगी चिरत होती. तिनं असली नाटकं शंभर पाहिली होती. ती मान वर करत नसे.

स्टेजच्या मधोमध दाराची चौकट उभी होती. खरं दार, खरी कडी. अलीकडे अंगण, पलीकडे घर. समोर बसलेल्याला दोन्ही बाजू दिसत.

तिसरा अंक.

रेवता ताट घेऊन अंगणात आली. तालमीत निरांजन पेटवायची गरज नव्हती, पण तिनं पेटवलं. कामात तिनं कधी अंग चोरलं नाही.

“दादा, ओवाळायला आली मी.”

दार उघडलं. दिवाकर लांजेवार भाऊ झाला होता. वीस वर्षं खलनायक करणारा माणूस, हसला की पोरं आईच्या पदरात शिरत. दारात येऊन त्यानं छाती फुगवली. इथं त्याच्या अठरा ओळी होत्या. पहिली ‘निर्लज्जे, कोन्या तोंडानं आली?’ आणि मग एकाहून एक जहरी.

त्यानं खड्ड्याकडे कान केला.

खड्ड्यातून काही आलं नाही.

दिवाकरनं खाली पाहिलं. फागोजीबाबांचं बोट ओळीवर होतं. तोंड मिटलेलं होतं.

“बाबा... ओळ!” रेवता दातांतून म्हणाली.

नाही.

विळीचा आवाज थांबला.

दिवाकरपाशी स्वतःचा एक शब्द नव्हता. छातीतली हवा हळूहळू उतरली. समोर ताट होतं. त्यात कुंकू, अक्षता, सुपारी आणि पेटलेलं निरांजन. ताट धरून एक बाई उभी होती.

त्याचा हात खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेला. त्यानं दुपट्टा डोक्यावर घेतला.

त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. ओवाळून घेताना उघडं डोकं ठेवत नाहीत, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं. मान थोडी वाकली.

रेवताची नजर त्या दुपट्ट्यावर थांबली.

सात वर्षांपूर्वी श्रावण दारात आला तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी होती. सकाळच्या पारी, घरातल्या घरात, टोपी. हे तिनं वहीत लिहिलं नव्हतं. तिला ते आठवलंच नव्हतं.

तेवढ्यात खड्ड्यातून सपाट आवाज आला. अठरातली शेवटची ओळ.

“चालती हो.”

दिवाकरनं ती उचलली. गर्जला नाही. डोक्यावर दुपट्टा तसाच, आवाज हळू.

“चालती हो.”

दार लागलं.

आता बहिणीचा विलाप. दीड पान होता. उंबऱ्यावर कोसळायचं, कपाळ आपटायचं, शाप द्यायचा. रेवता थांबली.

खड्डा पुन्हा मुका.

तिचे गुडघे वाकले नाहीत. मान ताठच राहिली. ती मान तिची स्वतःची होती, नाटकातल्या बहिणीची नव्हती. तिनं दाराकडे पाठ केली आणि चालू लागली.

एक पाऊल. दुसरं.

“अवो बाई!”

भिकाबाई विळी सोडून उभी राहिली होती. हातात अर्धं वांगं.

“अवो, उघडंच आहे ते! कडी नाही लावली त्यानं! कडीवर हात ठेवून उभा आहे नुसता... मागं वळ ना वो! लोट ना दार!”

कुणी हसलं नाही.

पेटीवाल्यानं मान खाली घातली. केवळरामजींनी दुपट्ट्यानं नाक पुसलं, दोनदा पुसलं, आणि उठता उठता म्हणाले, “चिंचोलटोल्याला हेच. अन् असंच.”

ते गेले. दारापलीकडे दिवाकर अजून तसाच उभा होता. आता हात काढायचा की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

खरं तर रेवतानं आनंदानं उडी मारायची. नाटक लागलं होतं. माहेरच्या मंडपात, भाऊबीजेला. पण ती ताट घेऊन तशीच खड्ड्यापाशी आली, तोंड राखेसारखं झालेलं.

“सतरा ओळी गिळल्या तुम्ही माझ्या.”

“हो.”

“दीड पान रडनं होतं माझं. तेही खाल्लं.”

“खाल्लं नाही. भिकाबाईला दिलं.”

“थट्टा करू नका जी!” तिचा आवाज चिरला. “हे खोटं आहे. दिवाकरला वाक्य नव्हतं, म्हनून उभा राहिला तो. त्याला काय भाऊ अन् काय बहीण! माह्या भावानं कडी लावली होती. सात वर्षं झाली, मला माहीत नाही का?”

“दिसली कडी?”

“बाहेरून कशी दिसनार? तुम्ही पन बाबा...”

“आवाज आला?”

“आला म्हंजे... दार लागल्याबरोबर मी ताट आपटलं ना त्याच्या उंबऱ्यावर. पितळेचं ताट होतं. सगळी आळी बाहेर आली. त्याचाच आवाज एवढा...”

तिनं हातातल्या ताटाकडे पाहिलं.

शेडवरून पाखरांचा थवा गेला. भिकाबाईनं विळी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

फागोजीबाबांनी वही मिटली. बेचाळीस हंगाम दुसऱ्याचं वाचत आलेला तो म्हातारा खड्ड्यातून वर पाहत होता.

“लोटून पाहिलं होतं का वो?”