राणीसाहेबांच्या चित्राला तीट

चिंचणगडचे राजे उधाजीराव यांनी एकदा हौसेने राणीसाहेबांचं चित्र काढलं. नाक गाजरासारखं, डोळे दोन दिशांना, आणि मान तर शोधूनही सापडेना. वर राजांचं ठाम मत असं, की सौंदर्य चित्रातच असतं, बघणाऱ्याच्या नजरेत नाही. ज्याला ते दिसत नाही, त्याची नजर बिघडलेली! अशा माणसाने दरबारात चित्रासमोर पाटावर आठ दिवस बसायचं. सेनापती खरं बोलून पाटावर बसले होते आणि आज सहाव्या दिवशीच हंबरू लागले होते.

उद्या हे चित्र वेशीवर लागणार म्हणून राणीसाहेब रडू लागल्या. त्यांना रोज काजळ घालणारी म्हातारी भिवराक्का डबी घेऊन तरातरा दरबारात गेली.

“काय भिवराक्का, दिसतं का सौंदर्य?” राजांनी दरडावलं.

“अहो सरकार, एवढं देखणं रूप आणि तीट नाही? दृष्ट लागेल की!”

राजे खुलले. “लाव, लाव!”

भिवराक्काने गालावर ठिपका दिला, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, “एवढ्या रूपाला एवढीशी तीट कशी पुरणार?” ठिपका वाढत गेला. नाक गेलं, डोळे गेले, शेवटी चौकटीत नुसतं काजळ उरलं.

“अगं, सौंदर्य कुठे गेलं?” राजे किंचाळले.

“जाईल कुठे, सरकार? ते चित्रातच असतं ना! तुम्हाला दिसत नाही का?”

राजांनी सेनापतींच्या शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं.

“वा!” ते घाईघाईने म्हणाले. “काय सुंदर दिसतंय!”