आईची तपासणी

धाकटी जाऊ काविळीनं गेली, तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या सुलभाबाई घैसास नगरपालिकेच्या सभेत उभ्या राहिल्या. "गावाचं गटार नदीत सुटतं. तेच पाणी आपण पितो. ते तपासून घ्या," त्या म्हणाल्या.

नगराध्यक्ष रणनवरे हात जोडून उठले. "बाई, नदी आमची आई आहे. आईची कुणी तपासणी करतं का?"

सभेनं टाळ्या वाजवल्या. त्या थांबेपर्यंत बाई थांबल्या.

"आई अंथरुणाला खिळली की मुलं तिचं रक्त तपासायला धावतात, साहेब. तपासू नका असं फक्त तिला विष घालणारा म्हणतो."

यावर नगराध्यक्षांना नाही म्हणता येईना. पाणी तपासलं, त्यात मैला निघाला.

गटार अजून तिथंच सुटतं. नगराध्यक्षांच्या घरी मात्र आता टँकर येतो.